दोन केसपेपर

अनुसयाकाकीबद्दल गावात कुणी दोन शब्द बरे बोललेले मी नऊ वर्षांत ऐकले नाहीत. जिभेला हाड नाही, नवऱ्याला दाव्याला बांधून फिरवते, देवाधर्माला येत नाही, असंच सगळं. ज्या कामाबद्दल पुढे माझं कौतुक झालं ते मी तिच्याकडून शिकले, पण तिची बाजू घेऊन मीही कधी कुणाला उलटून बोलले नाही. नर्सबाईला गावात राहायचं असतं. सगळ्या घरांत तिला जावं लागतं.

गावाचं नाव लिहीत नाही. पिंपरी पेंढारच्या पुढे, कालव्याच्या कडेला, एवढं पुरे. ह्या गोष्टीतली माणसं अजून आहेत, आणि बाजारात भेटली की 'बाई, बऱ्या हाय ना?' म्हणून आपुलकीने विचारतात.

मी मूळची शिनोलीची. नव्वदीच्या मधल्या वर्षांत माझी बदली त्या गावच्या सरकारी दवाखान्यात झाली. पहिल्याच महिन्यातला लसीकरणाचा दिवस. ओसरीवर आया, पोरं, रडारड. त्या गर्दीतून एक उंच, हाडापेराची, पन्नाशी ओलांडलेली बाई सरळ टेबलापाशी आली. तिच्या पदराचं टोक मागच्या म्हाताऱ्याच्या धोतराला गाठ मारून बांधलेलं होतं. म्हातारा गोरापान, स्वच्छ दाढी केलेला, शर्टाच्या खिशाला पेन. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"केसपेपर काढा," ती म्हणाली.

"कुणाचा?"

"दोगांचा."

मी त्यांचा काढला. गेनभाऊ, निवृत्त पाटकरी, म्हणजे कालव्याच्या चाऱ्यांना पाळीने पाणी सोडणारा माणूस. "आणि तुम्हाला काय होतंय, काकी?"

"ते तुमी लिव्हायचं. मला लिव्हता येत असतं तर हितं कशाला आले असते?"

मी जरा चिडूनच म्हणाले, "अहो, आजारी ते आहेत."

"त्यो आजारी न्हाई. त्यो खातो, झोपतो, हसतो. म्हैस दोन डाव सोडून दिली त्यानं, चुलीत चप्पल घातली, अन् मग गार झोपला. मी न्हाई झोपले. आता सांगा, पेशंट कोन?"

मी तिचं प्रेशर बघितलं आणि मुकाट्याने दुसरा केसपेपर काढला. डॉक्टरांनी गेनभाऊंच्या कागदावर 'वार्धक्य' असं लिहिलं आणि याला औषध नाही म्हणून सांगितलं. काकी म्हणाली, "ते ठावं हाय. औषिद न्हाई म्हणून तर दुसरा कागद काढला."

बाहेर पडताना कुणीतरी बोललंच, "काकी, लग्नाची गाठ अजून सोडली न्हाई व्हय?"

"गाठ न्हाई, दावं हाय ते," काकी थांबून म्हणाली. "अन् दोन्ही टोकाला जनावरच हाय."

तिचं असंच होतं. कुणी 'बिचारी' म्हटलं की ती पिसाळायची. दाताला मशेरी लावत अंगणात बसलेली असायची आणि सहानुभूती दाखवायला आलेल्या बाईला म्हणायची, "बिचारी म्हणायचं असलं तर अर्धा घंटा ह्याला संबाळ, मी दळण घिऊन येते. न्हाईतर गप बस." बाई गप बसायचीही नाही, उठून जायची.

नवऱ्याला ती 'पाटकरी' म्हणायची आणि अरेतुरे करायची. ह्याचा तर गावाला फार राग. आधी म्हणे ती चारचौघींसारखी 'हे' म्हणायची. मी एकदा विचारलं. म्हणाली, "अहोजाहो करायला समूर वळखणारं मानूस लागतं, बाई. त्यो मला कवा आई म्हणतो, कवा फॉरेस्टवाली म्हणतो. पाटकरी म्हणलं की मात्र मान वर करतो. त्याचं तेवढंच ऱ्हायलंय."

खरोखरच तेवढंच राहिलं होतं. गेनभाऊंनी तीस वर्षं चारीची दारं उघडली नि लावली होती. कुणाची पाळी कधी, कुणाचं किती रान भिजायचं, सगळं तोंडपाठ. आता बायकोचं नाव गेलं, मुलीचं गेलं, पण दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला ते अदबीने विचारायचे, "सात नंबरचा फॉर्म भरलाय का? फॉर्म भरा, पाळीला नाव लावतो." पाण्याच्या अर्जाचा तो फॉर्म. काही लोक मुद्दाम त्यांच्यासमोर जाऊन उभे राहायचे आणि हसायचे. काकी सांगायची, "भरला म्हना." तिचा तो नियमच होता, त्यांचं खोडायचं नाही. एकदा गेनभाऊ आईला शोधत होते, तर काकी म्हणाली, "मळ्यात गेलीया, येईल." मी म्हटलं, असं खोटं का सांगता? "खरं सांगून काय व्हतं? त्याची आई मेली ती मेली. रोज नव्यानं कशाला मारू?"

त्यांना एकच मुलगी, ती लांब दिलेली. मुलगा नाही. शेजारच्या घरात पुतण्या, संपत. जमीन एकत्र, बांध एकत्र. संपत बोलायला फार गोड. काकाच्या पाया पडल्याशिवाय कुठे निघायचा नाही, फक्त काकाला तासभर सांभाळ म्हटलं की त्याचं तालुक्याला काम निघायचं.

मी त्या गावात आल्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यात ते झालं. काकी म्हशीची धार काढत होती तेवढ्यात गेनभाऊ धोतराची गाठ सोडून गेले. चारीच्या दाराची जुनी लोखंडी चावी त्यांनी कुठूनशी काढली होती. भर दुपारी कालव्यावर जाऊन त्यांनी चारीचं दार पूर्ण उघडलं. पाळी कुणाचीच नव्हती. खाली संपतने आणि आणखी दोघांनी कांदा काढून वावरात वाळायला घातला होता. पाणी सगळ्या कांद्यात शिरलं.

तिघांनी मिळून गेनभाऊंना मारलं. काठीने मारलं. मी जखमा बांधल्या आहेत, म्हणून सांगते, चुकून लागलेलं नव्हतं ते. बघायला उभ्या असलेल्या एका माणसाने मला नंतर सांगितलं, मार खाताना म्हातारा एकच म्हणत होता, "फॉर्म भरला व्हता ना? मग मारताय कशापायी?"

काकी त्या दिवशी रडली नाही आणि शिव्याही दिल्या नाहीत. मला वाटलं खचली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गेनभाऊंना आंघोळ घातली, धुतलेली टोपी घातली आणि सुजलेल्या तोंडाच्या त्या माणसाला हाताला धरून गावातून चालवत नेलं. मी दवाखान्याकडे निघाले होते, ते बघून मागोमाग गेले. ती मारणाऱ्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"ह्याला पानी द्या," ती म्हणाली. "तीस वर्सं ह्याच्या हातनं तुमच्या रानात पानी आलं. आज तुमच्या घरातलं घोटभर ह्याला पाजा."

पहिल्या घरच्या म्हातारीने तांब्या आणला आणि काकीच्या पायाशी बसून रडली. दुसऱ्या घराचं दार आतून लावून घेतलं. तिसरं घर संपतचं. त्याची बायको, लता, घाबरत बाहेर आली. तिने पेला गेनभाऊंच्या ओठाला लावला. संपत आत बसलेला होता. उंबऱ्यातून त्याचे पाय दिसत होते. पाणी पिऊन झाल्यावर गेनभाऊंनी लताला विचारलं, "तुमची पाळी कवा हाय?" लता पदर तोंडात घालून आत पळाली.

पोलिसांकडे जा, असं मी काकीला सांगितलं. ती म्हणाली, "अन् तिकडं गेले की ह्याच्यापाशी कोन बसंल? तुमी?"



त्याच पावसाळ्यात जुन्नरच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून सखू नावाची एक तरुण बाई मजुरीला आली. भाताच्या खाचरावर घर चालत नाही म्हणून तिकडची माणसं आमच्या बागायतीत येतात. नवरा, दोन पोरं आणि सासू, सगळी एका शेतमालकाच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सासूचं नाव धोंडाबाई. तिलाही गेनभाऊंसारखंच झालेलं. पाणी भरलेला वाफा दिसला की ती कासोटा घालून आत उतरायची आणि कांद्याची रोपं उपटून भातासारखी लावत सुटायची. मालकाने सखूला सांगितलं, म्हातारी आवर, नाहीतर कामावर येऊ नको. सखू तिला शेडमध्ये कोंडून कामाला जायची.

काकीला हे कळलं तेव्हा ती माझ्याकडे आली. "दवाखान्याची मागची पडवी मंगळवारी रिकामी असती. मला द्या. अशी घरं हायेत अजून, लोकं दडवत्यात. त्यांना घिऊन येते."

"म्हाताऱ्या माणसांना सांभाळायला?"

"नुसत्या म्हाताऱ्यांना न्हाई. जोडीनं यायचं. ज्याला झालंय त्यो, अन् ज्याच्या जिवावर पडलंय त्यो. एकट्याला घेनार न्हाई."

मी डॉक्टरांना विचारून पडवी दिली. पहिल्या मंगळवारी चार जोड्या आल्या. काकी आणि गेनभाऊ, सखू आणि धोंडाबाई, आईला घेऊन आलेला एक शिंपी आणि सासऱ्याला घेऊन आलेली एक सून. मध्ये भुईमुगाच्या शेंगांचा ढीग. सगळ्यांनी फोडत बसायचं. शेंगा फोडायचं आजारी हातांना बरोबर जमत होतं. कुणी दाणे टरफलात टाकायचं आणि टरफलं दाण्यात, पण कुणी कुणाला ओरडत नव्हतं, कारण सगळ्यांच्याच घरी तेच होतं.

बोलायला मात्र कुणी तयार नव्हतं. सून म्हणाली, "आमचं बरं चाललंय. देवाची सेवा म्हणून करते." शिंपी म्हणाला, "आईच हाय, तिचं करताना कसला तरास."

काकी शेंग फोडता फोडता म्हणाली, "मी काल मारलं ह्याला."

सगळ्यांचे हात थांबले.

"पाठीत मारलं. दोन डाव. हागून भिताडाला पुसलं व्हतं त्यानं. मारलं अन् मग त्योच मला म्हणला, रडू नगं. जे कोन मारत न्हाई त्यानं उठून जावं. त्याला हितं काम न्हाई."

कुणी उठलं नाही. शिंप्याने मान खाली घातली. सखू हुंदके देऊन रडायला लागली आणि तिच्याबरोबर, कशासाठी ते न कळता, धोंडाबाईही. मला शिनोलीला माझ्या आईचं सगळं करणारी माझी वहिनी आठवली. दिवाळीला गेले की मी तिला सेवेवर व्याख्यान द्यायचे.

त्या दिवशी काकीने दुसरा नियम काढला. तासभर आपापलं माणूस बदलायचं. शिंप्याने गेनभाऊंजवळ बसायचं, काकीने धोंडाबाईजवळ, सखूने शिंप्याच्या आईजवळ. "दुसऱ्याच्या मानसाचा राग येत न्हाई," ती म्हणाली. "आपल्याचा येतो, कारन आपल्याला त्यो आदीचा ठावं असतो." मी पुढे कितीतरी प्रशिक्षणांना गेले. ह्याहून शहाणं वाक्य मी कुठे ऐकलेलं नाही. शिंप्याने सात नंबरचा फॉर्म म्हणून गेनभाऊंना माप घ्यायच्या वहीची पानं भरून दिली. गेनभाऊ ती तपासून 'मंजूर' म्हणायचे. काकी लांबून बघायची आणि चक्क हसायची.

पाच वर्षं मंगळवार चालला. जोड्या कधी नऊ झाल्या, कधी तीन. काहीजण वारले, त्यांची मागे राहिलेली माणसं काही दिवस सवयीने येत राहिली. मी माझ्या महिन्याच्या अहवालात दोन ओळी लिहायचे. त्या दोन ओळी कुणीतरी वाचल्या, हेच नडलं.

पुण्याहून एक संस्था आली. माणसं वाईट नव्हती. शिकलेली होती, कळकळीने बोलत होती. संपत तेव्हा ग्रामपंचायतीत निवडून आला होता. त्याने पुढाकार घेतला. शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. बॅनर, हारतुरे, नाश्ता. सांभाळणाऱ्यांसाठी हॉलमध्ये मार्गदर्शन आणि रुग्णांसाठी पलीकडच्या वर्गात खेळ, दोन मुली त्यांच्यावर लक्ष ठेवायला.

काकी दारातच अडली. "येगळं बसवू नगा. आमी एकत्रच बसतो. माझा हात सुटला की ह्यो उठतो."

संस्थेच्या मॅडम हसून म्हणाल्या, "आजी, तुम्हालाही थोडी मोकळीक नको का?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी काय म्हणाले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मी म्हणाले, "बसा ना, काकी. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे."

तिने पदराची गाठ सोडली आणि धोतराचं टोक एका मुलीच्या हातात दिलं. मुलीला त्याचं काय करायचं ते कळलं नाही.

काकी पहिल्या रांगेत बसली. तिला शाल दिली. संपतने काकाविषयी चार शब्द सांगितले, टाळ्या झाल्या. मग नाश्ता आला. मी बाजूला उभी राहून बघत होते. ती सावकाश खात होती, दर घासाला मागे वळून न बघता. इतक्या वर्षांत तिला असं खाताना मी बघितलं नव्हतं. मला फार समाधान वाटलं, हेही लिहायला हवं.

पलीकडच्या वर्गात एक म्हातारी पडली, मुली तिच्याकडे धावल्या. तेवढ्यात गेनभाऊ बाहेर निघून गेले. संध्याकाळपर्यंत शोधलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालव्यात खालच्या बाजूला, चारीच्या दाराच्या जाळीला अडकलेले सापडले. कालवा भरून चालला होता.

बातमी कळली तेव्हा गाव एकच शब्द बोललं, "सुटली." काकीच्या तोंडावरसुद्धा बोललं.

आमच्याकडे दशक्रियेला भाषणं होतात. घाटावर मंडप, माइक, पुढारी, गावोगावचे पाव्हणे. गेनभाऊंच्या दहाव्याला माणसं पुष्कळ जमली. संपत माइकवर उभा राहिला. डोळे पुसत म्हणाला, "काकांनी ह्या गावाला पाणी दिलं. आम्ही त्यांना तळहाताच्या फोडासारखं जपलं. काही कमी पडू दिलं नाही."

बायकांच्यातून काकी उठली. पुरुषांच्या मधून चालत माइकपाशी आली. संपत बाजूला सरला. त्याला वाटलं, आभार मानायला आली.

"जपलं म्हनू नगा कुनी," काकी म्हणाली. "संपत, तू काठीनं मारलंस ह्याला. पानी पाजलं ते लतानं. तू आत बसला व्हतास."

कुणीतरी माइकवाल्याला खूण केली. माइक बंद झाला. काकीचा आवाज तसाही मोठा होता.

"तुला एकट्याला म्हनत न्हाई. ह्यो कालव्याकडं निघाला तवा मी शाल पांघरून उप्पीट खात व्हते. अन् मला बरं वाटत व्हतं. लई बरं वाटत व्हतं. मलाबी धरा त्यात. पन जपलं म्हनू नगा."

भटजींनी घाईने मंत्र सुरू केले. बायकांनी काकीला ओढत मागे नेलं. दुसऱ्या दिवसापासून ती गावात वेडी ठरली. नवऱ्याचं खूळ बायकोत उतरलं म्हणाले. त्याच संपतला पुढच्या निवडणुकीत लोकांनी जास्त मतांनी निवडून दिलं.

मी मंगळवार पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. काकी आली नाही. मी बोलवायला गेले तर म्हणाली, "तुमी या, च्या प्या, पन त्ये बोलू नगा." दोन मंगळवार शिंपी येऊन बसला, तिसऱ्याला मीच पडवीला कुलूप लावलं. अहवालात लिहिलं, 'प्रतिसादाअभावी उपक्रम बंद.' माझं अक्षर चांगलं आहे. वाचणाऱ्याला काही कळलं नसेल. 'तुम्ही बसा म्हणालात' असं काकी मला एकदाही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

दोन वर्षांनी माझी बदली घोडेगावकडे झाली. निरोप घ्यायला मी काकीच्या घरी गेले तर घराला कडी. लता म्हणाली, "त्या घरात बसत्यातच कुठं? लोकांच्या कांद्यात असत्यात." स्वतःचं रान असून ती मजुरीला जात होती.

मी वावरात गेले. काढणी चालली होती. काकी सरीत उकिडवी बसून कांदा उपटत होती. वाळलेली, पाठीत वाकलेली. मी बदलीचं सांगितलं. "बरं झालं. म्हायेराजवळ चाललात," एवढंच म्हणाली. हात थांबवला नाही.

मी तिथे असतानाच बांधावरून सखू आली. अंगावरचं लुगडं विटलेलं, एका हाताला धोंडाबाई. म्हातारी आता जेमतेम उभी राहत होती. तीन पावलं चालायची आणि खुंटासारखी थांबायची. सखू घामाने निथळत होती. रस्त्यापासून तिथवर यायला तिला किती वेळ लागला असेल कोण जाणे.

"काकी," सखू म्हणाली, "मालक म्हणतोय शेड सोडा. मला काय बी सुचत न्हाई. एकच दिस हिला तुमच्यापाशी ठिवू का? मी दुसरीकडं जागा बघून येते."

"न्हाई," काकी म्हणाली.

"एकच दिस, काकी."

"न्हाई म्हणलं ना. मला आता मानूस दिसलं की राग येतो. माझ्या हातात कुनाचं मानूस दिऊ नगंस." ती सखूकडे नाही, कांद्याकडे बघून बोलत होती.

 माझी दुपारची एस.टी. होती, मी घड्याळ बघितलं. सखूने सासूचा दंड धरला आणि ओढला. म्हातारी जागची हलेना. तिने पुन्हा ओढला, जोराने.

"वढू नगं," काकी मान खाली घालूनच म्हणाली. "ती मुकाट्यानं चालत न्हाई. तिच्या डोंगरातलं भातलावणीचं गानं म्हन. मोठ्यानं म्हन. पाय उचलंल."

 सखूने सुरू केलं, रडवेल्या, फाटक्या आवाजात. धोंडाबाईने खरंच पाय उचलला. एक, मग दुसरा. दोघी बांधावरून रस्त्याकडे जायला लागल्या. बाकीच्या मजूर बायका हात थांबवून बघत राहिल्या.

काकीने बघितलं नाही. ती कांदे उपटून मागे टाकत पुढे सरकत होती, आणि सरी संपली तशी उठून दुसऱ्या सरीत जाऊन बसली.